आधी वही, मग गाडी

दिवाळी उलटते. पहिल्या वेचणीचा कापूस भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर अगर खासगी व्यापाऱ्याच्या काट्यावर जाऊन पडतो, लग्नसराईच्या तारखा ठरू लागतात, आणि आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी घरांत, मग ते जैनथ-बेला भागातील शेतकऱ्याचे असो की शहरातील शिक्षकाचे, मोटार घेण्याचा विषय निघतो. पूर्वी 'घ्यावी की न घ्यावी' एवढाच प्रश्न असे. आता 'कोणती घ्यावी' यावर एकाच घरात दोन पक्ष पडलेले दिसतात. वडीलधाऱ्यांचा कल डिझेलकडे असतो. डिझेल स्वस्त, इंजिन दणकट, ओझ्याला हार न जाणारे, हा त्यांचा जन्मभराचा अनुभव. हैदराबाद-पुण्यास नोकरीला असलेली मुले-मुली मात्र हायब्रिडचे गुण गातात. लिटरमागे सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर, धूर नाही, आवाज नाही, हे त्यांचे म्हणणे.

दोन्ही पक्ष खोटे बोलत नाहीत. परंतु पंधरा-वीस लाखांचा व्यवहार म्हणजे मध्यम घराची कित्येक हंगामांची शिल्लक. ती अर्ध्या सत्यावर खर्ची पडू नये, म्हणून या महिन्याचे सदर आम्ही या विषयाला देत आहोत.

हायब्रिड हा शब्द आपल्या शेतकऱ्याला नवा नाही. १९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण आले तेव्हापासून 'हायब्रिड' हे ज्वारीचेच एक नाव होऊन बसले. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून 'हायब्रिड-४' हे कपाशीचे जगातील पहिले व्यापारी संकरित वाण बाहेर पडले, आणि पुढे पांढऱ्या सोन्याच्या या मुलखातही संकरित बियाणेच रूढ झाले. या साऱ्या वाटचालीत शेतकरी एक गोष्ट पक्की शिकला. पाकिटावर छापलेले उत्पन्न हे पाकिटाचे असते. शेतातले उत्पन्न जमिनीच्या खोलीवर, पावसावर आणि राखणीवर ठरते. हलक्या, कोरडवाहू रानात भारी वाण पेरून हात पोळलेली माणसे गावोगाव आहेत. आमची विनंती एवढीच की, बियाणे घेताना जी सावधगिरी आपण बाळगतो तीच मोटार घेताना बाळगावी. कारण मोटारीलाही पाकिटावरचे पीक असते आणि शेतातले पीक असते.

पाकिटावरचा आकडा कोठून येतो तेही सांगतो. पुण्यात 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' नावाची, १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे. जाहिरातींत मायलेजच्या आकड्यापुढे 'एआरएआय' ही जी अक्षरे असतात ती हिचीच. ही चाचणी रुळांवर गाडी उभी करून, ठरीव वेगाने, ठरीव वेळ केली जाते. सर्व गाड्यांची एकाच मापाने तुलना व्हावी हा तिचा हेतू, आणि तो योग्यच आहे. मात्र त्या रुळांवर पाच माणसे, शिदोरीची पिशवी, चालू एसी, एप्रिलचे ऊन आणि वाटेत आडवी येणारी म्हैस यांपैकी काहीही नसते. २०२२ साली आलेल्या मारुती ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडर या जुळ्या हायब्रिड गाड्यांचा छापील आकडा लिटरला २७.९७ किलोमीटरचा आहे. तो आपल्या दारात येईपर्यंत किती उरेल, हे आपल्या रस्त्यावर अवलंबून आहे.

डिझेलवरील आपल्या लोकांची श्रद्धा मात्र अकारण नाही, हेही मान्य केले पाहिजे. मराठी माणसाला डिझेलची ओळख मोटारीतून झाली नाही. ती विहिरीच्या काठावर झाली. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि पुढील काळात या कंपनीची इंजिने खेडोपाडी पाणी उपसू लागली. मग बजाज टेम्पोची मॅटाडोर आली, डिझेलच्या जीपगाड्या आल्या, डिझेलची अँबॅसडर आली आणि डिसेंबर १९९८ मध्ये पुण्याच्याच टाटांची इंडिका आली. लहान मोटारही डिझेलवर परवडते हे इंडिकेने सामान्य घराला पटवून दिले. योगायोग असा की, ज्या किर्लोस्कर नावाने डिझेल घरोघर नेले, तेच नाव आज हायब्रिडवरही आहे. बंगळूरजवळ बिडदी येथील टोयोटा किर्लोस्कर मोटर ही १९९७ साली स्थापन झालेली कंपनी हायब्रिड मोटारींची देशातील मोठी उत्पादक आहे. तेव्हा एक जुने, विश्वासाचे आणि दुसरे परके, असा भेद करण्याचे कारण नाही.

डिझेलच्या कीर्तीला दोन खांब होते. पहिला खांब यंत्राचा. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९०च्या दशकात सिद्ध केलेल्या या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की त्या उष्णतेनेच तेल पेटते. दाब अधिक म्हणून तेलातील शक्तीचा उपयोगही अधिक. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के उष्णता जास्त असते. हा खांब आजही उभा आहे.

दुसरा खांब भावाचा. तो मात्र ढासळला. सरकार डिझेलचा भाव धरून ठेवीत असे, तेव्हा २०१२ च्या मध्यास दिल्लीत पेट्रोल आणि डिझेल यांत लिटरमागे पंचवीस रुपयांहून अधिक अंतर पडले होते. त्या काळात देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव बाजारावर सोडण्यात आला आणि अंतर आटत गेले. पुढे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले, डिझेल इंजिनाला महागडी शुद्धीकरण यंत्रणा जोडावी लागली, आणि मारुतीने तर डिझेल मोटारी करणेच सोडले. आज आपल्या भागात दोन इंधनांत सुमारे बारा रुपयांचे अंतर आहे. पैनगंगेच्या अलीकडे व पलीकडे राज्यांचे कर निराळे असल्याने भाव थोडे बदलतात. पण जुने पंचवीस रुपये परत येतील या भरवशावर कोणी गाडी घेऊ नये.

आता हायब्रिड म्हणजे काय ते पाहू. या गाडीत पेट्रोलचे इंजिन असते आणि त्याच्या जोडीला विजेची मोटर व एक लहान बॅटरी असते. गाडी सिग्नलपाशी थांबली की इंजिन बंद होते. निघताना पहिला रेटा विजेची मोटर देते. ब्रेक दाबला की साध्या गाडीत जी शक्ती उष्णता होऊन वाया जाते, तिचा काही भाग येथे वीज होऊन बॅटरीत परततो. तिला घरी प्लग लावावा लागत नाही. भरायचे असते ते पेट्रोलच. १९९७ च्या डिसेंबरात जपानात टोयोटा प्रियस विकली जाऊ लागली, तेव्हापासून ही पद्धत जगभर रुळली आहे.

मात्र बाजारात 'हायब्रिड' या एकाच नावाखाली दोन जाती विकल्या जातात. एक 'माइल्ड' म्हणजे नावापुरती. तिची मोटर इंजिनाला थोडा हातभार लावते, पण केवळ विजेवर गाडी हालत नाही आणि इंधनाची बचतही बेताचीच होते. दुसरी 'स्ट्राँग'. ती गर्दीत कित्येक मिनिटे इंजिन बंद ठेवून विजेवर चालते. होंडा सिटीचे हायब्रिड रूप, वर उल्लेखिलेल्या दोन जुळ्या गाड्या आणि इनोव्हा हायक्रॉसचे हायब्रिड रूप, या सर्व २०२२ साली आलेल्या स्ट्राँग जातीच्या. विक्रेत्याने 'हायब्रिड' म्हटले की पहिला प्रश्न हाच विचारावा: कोणती?

हे सारे वाचून ध्यानात येईल की, हायब्रिडची बचत थांबण्यात आणि ब्रेकमध्ये आहे. जेथे थांबणेच नाही तेथे ती बचत कोठून येणार? पैनगंगेच्या पुलापासून निर्मळकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ चौपदरी आहे. तेथे एकदा नव्वदचा वेग धरला की हायब्रिडमधील पेट्रोल इंजिनच बहुतेक वेळ राबत असते आणि विजेची बाजू प्रवाशासारखी बसून राहते. डिझेलला मात्र हीच चाल मानवते. उलट आदिलाबाद शहरात घरापासून शाळा, शाळेपासून बँक, बँकेपासून भाजी बाजार, अशी दोन-दोन किलोमीटरची फेरी घातली की चित्र पार बदलते. तेथे हायब्रिड जिंकते आणि डिझेल दमते.

आकड्यांनी पाहू. खालील आकडे एक उदाहरण म्हणून घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या पंपाचा भाव आणि आपल्या ओळखीतील त्या गाडीचे खरे मायलेज घालून ते पुन्हा मांडावेत. पेट्रोल ११० रुपये आणि डिझेल ९८ रुपये लिटर धरू. मध्यम आकाराची डिझेल गाडी शहरात लिटरला १४ आणि महामार्गावर २० किलोमीटर जाते असे समजू. तेवढ्याच आकाराची स्ट्राँग हायब्रिड शहरात २४ आणि महामार्गावर २० जाते असे धरू. म्हणजे शहरात डिझेलचा खर्च किलोमीटरला ७ रुपये व हायब्रिडचा सुमारे ४ रुपये ६० पैसे; महामार्गावर डिझेलचा ४ रुपये ९० पैसे व हायब्रिडचा साडेपाच रुपये.

आता दोन घरे डोळ्यांसमोर आणा. पहिले घर कापसाच्या व्यापाऱ्याचे. आज यवतमाळ, उद्या नांदेड, परवा हैदराबाद, असे वर्षाला २४,००० किलोमीटर; त्यांतले शहरातले जेमतेम २,४००. या घराला इंधनाला डिझेलवर वर्षाला सुमारे १,२२,६०० रुपये लागतील, हायब्रिडवर सुमारे १,२९,८००. डिझेल सात हजारांनी स्वस्त. या घरातील वडीलधारे खरे बोलत होते.

दुसरे घर शिक्षक दांपत्याचे. वर्षाला ९,००० किलोमीटर; त्यांतले ६,००० शहरातले व ३,००० सणासुदीला नागपूर-नांदेडच्या नातलगांकडे जाण्याचे. यांना डिझेलवर सुमारे ५६,७०० रुपये लागतील आणि हायब्रिडवर सुमारे ४४,०००. हायब्रिड वर्षाला साडेबारा हजारांनी स्वस्त. येथे मुलांचे म्हणणे खरे ठरले.

पण येथेच थांबू नये. समजा, त्यांना पटलेली हायब्रिड ही त्यांना पटलेल्या डिझेल गाडीहून दोन लाखांनी महाग आहे. साडेबारा हजारांच्या बचतीने दोन लाख भरून निघायला सोळा वर्षे लागतील. कर्ज काढले असेल तर व्याजाचे वेगळेच. आता त्याच दांपत्याने साधी, लहान पेट्रोल गाडी घेतली आणि ती शहरात १३ व महामार्गावर १८ किलोमीटर गेली, तर वर्षाचे इंधन सुमारे ६९,१०० रुपयांचे होईल. हायब्रिडपेक्षा पंचवीस हजार जास्त, हे खरे. परंतु ती गाडी कित्येक लाखांनी स्वस्त मिळते. थोडक्यात, ज्याचे फिरणे थोडे त्याला डिझेलही वाचवीत नाही आणि हायब्रिडही वाचवीत नाही. घरातील वाद ज्या दोन गाड्यांवर चालला होता, त्या दोन्ही सोडून तिसरीच त्या घराच्या मापाची निघते. असे कित्येक घरांचे होईल, आणि विक्रेता हे आपणहून सांगणार नाही.

किमतीच्या या हिशेबात करांचाही वाटा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या व १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर, तसेच त्याच लांबीच्या १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. त्याहून मोठ्या गाडीवर ४० टक्के. वर सांगितलेल्या स्ट्राँग हायब्रिड गाड्या लांबीने मोठ्या असल्याने त्यांना ४० टक्के लागतो. पूर्ण विजेवरच्या गाडीला मात्र ५ टक्केच, आणि तेलंगण सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये विजेच्या गाड्यांना रस्ता-कर व नोंदणी शुल्कातूनही सूट दिली. म्हणून लहान डिझेल आणि मोठी हायब्रिड यांच्या किमतीतील अंतर निम्मेअधिक केवळ आकाराचे आणि कराचे असू शकते. तुलना करताना आकार सारखा धरावा.

पैशाहून वेगळी अशी एक बाब डिझेल घेणाऱ्याने जाणून घेतलीच पाहिजे. बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडविणारी एक गाळणी असते. तिला 'डीपीएफ' म्हणतात. साचलेली काजळी ती मधूनमधून स्वतःच जाळून टाकते. पण त्यासाठी नळी सहाशे अंशांच्या आसपास तापावी लागते. महामार्गावर पंधरा-वीस मिनिटे एका वेगाने गाडी चालली की हे काम सहज होते. दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन तापतच नाही. त्यात आदिलाबादची डिसेंबर-जानेवारीची थंडी. काजळी साचत जाते, फलकावर दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केले तर गाळणी बदलण्याचा खर्च मोठा होतो. ज्यांच्याकडे अशी गाडी आहेच, त्यांनी आठवड्या-पंधरवड्यातून एकदा तिला महामार्गावर अर्धा तास न्यावे. काही डिझेल गाड्यांना याखेरीज 'ॲडब्लू' नावाचे द्रव भरावे लागते. हे म्हणजे अतिशुद्ध पाण्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया. युरिया म्हटला की शेतकऱ्याला घरचीच वस्तू वाटेल. म्हणून स्पष्ट सांगतो की, खताच्या पोत्यातला युरिया पाण्यात कालवून त्या टाकीत घालणे म्हणजे यंत्रणेचा नाश करणे होय.

हायब्रिडच्या बाजूलाही सावधगिरीच्या गोष्टी आहेत. तिची बॅटरी अगदी लहान असते. म्हणून लांब चढावर, सात माणसे व सामान घेऊन, ती लवकर रिती होते आणि सारा भार लहान पेट्रोल इंजिनावर येतो. उटनूर-नारनूरच्या डोंगरी रस्त्यांवर रोज ओझे घेऊन जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. घाट उतरताना बॅटरी भरते हे खरे, पण थोडक्या उतारातच ती पूर्ण भरते. पुढचा उतार म्हणजे फुकटचे इंधन असे समजू नये. कित्येक हायब्रिड गाड्यांत बॅटरीला थंड हवा मिळावी म्हणून मागच्या आसनापाशी जाळी असते. लग्नाचे आहेर आणि बोचकी त्या जाळीवर रचू नयेत; आपल्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही. बॅटरी फार दिवस टिकणार नाही ही भीती मात्र अतिरेकी आहे. टोयोटा व मारुती यांची तिच्यावर आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी आहे. खरा प्रश्न दुरुस्तीचा. उच्च दाबाच्या विजेचे काम जाणणारा कारागीर सर्वात जवळ कोठे बसतो, निर्मळला, नांदेडला, नागपूरला की थेट तीनशे किलोमीटरवरील हैदराबादला, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे.

एक गोष्ट दोन्ही पक्षांच्या हिशेबात सहसा येत नाही, कारण तिचे बिल पंपावर फाटत नाही. ती म्हणजे हवा. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, पेट्रोलचा सुमारे २.३१ किलो. आमच्या वरील उदाहरणात शहरातल्या प्रत्येक किलोमीटरला डिझेल गाडी सुमारे १९० ग्रॅम सोडील आणि हायब्रिड ९६ ग्रॅम. हे झाले साऱ्या पृथ्वीचे. गल्लीतल्या माणसाला अधिक जवळचा प्रश्न काजळीचा व नायट्रोजनच्या वायूंचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर माणसात कर्करोग करणारा म्हणून पहिल्या वर्गात घातला. नव्या डिझेल गाडीची गाळणी नीट काम करीत असेल तर काजळी फारच थोडी बाहेर पडते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु गाळणी तुंबली म्हणून ती कापून टाकण्याचा 'स्वस्त उपाय' जेव्हा कोणी सुचवितो, तेव्हा आपण त्याला नकार द्यावा. वाचलेले पैसे आपल्या खिशात येतील आणि ती काजळी ओट्यावर बसलेल्या आजीच्या व दारात खेळणाऱ्या नातवंडांच्या छातीत जाईल.

इतर प्रांतांतील वाचकांसाठी दोन शब्द. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर येथील आपली कुटुंबे रोज तास-तास गर्दीत उभी असतात. त्यांचे फिरणे बरेच असेल तर स्ट्राँग हायब्रिडचा पैसा तेथेच लवकर वसूल होतो. दिल्लीकरांनी डिझेल घेण्याआधी नियमांचा इतिहास वाचावा. २०१५ साली हरित लवादाने तेथे दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांना मनाई केली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि २०२५ साली त्याच न्यायालयाने जुन्या गाडीच्या मालकांवरील कारवाईला आवर घातला. पंधरा वर्षे वापरायची म्हणून घेतलेल्या गाडीवर अशी टांगती तलवार कोणाला रुचेल? पेट्रोलमध्येही आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलमध्ये उष्णता कमी असल्याने पेट्रोलचे व म्हणून हायब्रिडचेही मायलेज काही टक्क्यांनी उतरते. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने ती २० टक्के मिश्रणासाठी बनविलेली आहे ना, हे पुस्तिकेत पाहावे.

मग करावे काय? आमचा सल्ला साधा आहे. दुकानात जाण्यापूर्वी एक वही घ्यावी आणि महिनाभर त्यात रोज चार रकाने भरावेत: गावातल्या गावात किती किलोमीटर, महामार्गावर किती, पाच किलोमीटरहून लहान फेऱ्या किती झाल्या, आणि गाडीत माणसे व ओझे किती. आज घरी गाडी नसेल तर दुचाकी, रिक्षा, बस व भाड्याची गाडी यांवर झालेले फिरणे लिहावे. वही घरातल्या सर्वांनी लिहावी. कारण गृहिणीच्या बाजाराच्या फेऱ्या आणि मुलीच्या शिकवणीच्या फेऱ्या पुरुषांच्या तोंडी हिशेबात बहुधा राहून जातात, आणि नेमक्या त्याच गाडीला सर्वात कठीण असतात.

महिना संपला की वही उघडून बसावे. फिरणे वर्षाला वीस हजारांच्या वर आणि बहुतेक महामार्गाचे निघाले, तर डिझेल निःशंक घ्यावी. फिरणे तितकेच पण शहरातले निघाले, तर स्ट्राँग हायब्रिड घ्यावी. दहा हजारांच्या आत निघाले, तर लहान पेट्रोल गाडी घेऊन उरलेले पैसे बँकेत ठेवावेत. वर्षातून एकदा तिरुपतीला आणि एकदा माहूरला सारे कुटुंब जाते म्हणून सात आसनांची मोठी गाडी बारा महिने दारात पोसू नये. त्या चार दिवसांसाठी भाड्याची गाडी मिळते.

वही लिहायला एक महिना लागेल आणि तिची किंमत वीस रुपये पडेल. तोवर गाड्या काही संपून जात नाहीत.